जुन्या घरगुती संगणकासाठी मल्टिटास्किंग सिस्टीम आणि डेस्कटॉप कसा निवडावा

सिंक्लेअर क्यूएल १९८४ मध्ये आला. एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारी (म्हणजेच मल्टिटास्किंग करणारी) क्यूडॉस ही सिस्टीम त्याच्या रॉममध्येच, म्हणजे कायम भरलेल्या मेमरी चिपमध्येच होती. पुढच्याच वर्षी अमिगा १००० आला आणि त्याने तेच काम रंगीत विंडोंसह करून दाखवलं. तेव्हा मल्टिटास्किंग ही जुन्या संगणकांवर आपण आज लादतो आहोत अशी गोष्ट नाही. काही यंत्रांत ती मुळातच होती, आणि काहींवर ती पुढे जाणत्या लोकांनी फार कष्टाने, एकेक बाइट वाचवत आणली.

नव्याने या छंदाकडे वळलेला माणूस बहुतेक वेळा डेस्कटॉपची सुंदर चित्रं पाहून सिस्टीम ठरवतो. माझा सल्ला उलटा आहे. सिस्टीम पूर्ण सुरू झाल्यावर किती मेमरी उरते आणि त्या उरलेल्या जागेत तुम्हाला खरोखर वापरायचे दोन प्रोग्रॅम बसतात का, हे आधी पाहा. दिसण्याचा विचार त्यानंतर. खालच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: यंत्र सुदृढ आहे का ते पाहा

सिस्टीम बसवायच्या आधी झाकण उघडा. आर्किमिडीज, अमिगा २०००, अमिगा ४०००, अमिगा ५०० प्लस यांच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी रिचार्ज होणारी बॅटरी असते. अमिगा ५०० च्या पोटातल्या ए५०१ मेमरी कार्डावरही तीच असते. या बॅटऱ्या वयानुसार गळतात आणि त्यातलं रसायन तांब्याच्या रेषा खात जातं. बॅटरी अजून तिथेच असेल तर ती काढणं हे पहिलं काम, मग बाकी सगळं. अमिगा ६०० आणि १२०० मध्ये बॅटरीऐवजी पृष्ठभागावर डकवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. ते बदलून घेतलेले आहेत का, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय सरळ बाजूला ठेवा. आतून रसायनाने भरून बंद केलेल्या त्या ठोकळ्यातला पाच व्होल्टचा भाग निकामी झाला की व्होल्टेज वर जातं आणि मेमरी चिप जळतात. नव्या, सुरक्षित पॉवर सप्लायवर खर्च करणं हा या यंत्रावरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

मग तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: प्रोसेसर कोणता, एकूण रॅम किती, आणि रॉमची आवृत्ती कोणती. पुढचे जवळपास सगळे निर्णय या तीन नोंदींवर होतात.

पायरी २: मल्टिटास्किंगचा प्रकार समजून घ्या

‘मल्टिटास्किंग’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या गेल्या आहेत, आणि नवख्यांची निराशा बहुतेक इथेच होते.

पहिला प्रकार प्रीएम्प्टिव्ह. इथे सिस्टीम स्वतः ठरावीक वेळाने चालू प्रोग्रॅमला थांबवते आणि दुसऱ्याला संधी देते. प्रोग्रॅमची संमती लागत नाही. अमिगा, क्यूएल, तसंच ओएस-९ आणि सिम्बॉस या आठ-बिट यंत्रांवरच्या सिस्टीम (त्यांची ओळख पायरी ४ मध्ये) या गटात येतात.

दुसरा प्रकार को-ऑपरेटिव्ह. प्रोग्रॅमने आपण होऊन ‘माझं झालं, आता दुसऱ्याला दे’ असं सांगावं लागतं. एकॉर्नचं रिस्क ओएस आणि मॅकिंटॉशचं मल्टिफाइंडर अशा पद्धतीने चालतात. प्रोग्रॅम नीट लिहिलेले असतील तर फरक जाणवतही नाही. पण एखादा प्रोग्रॅम लांबलचक हिशेबात अडकला आणि त्याने ताबा सोडलाच नाही, तर सगळा डेस्कटॉप गोठतो.

तिसऱ्या प्रकाराला मल्टिटास्किंग म्हणणंच चूक आहे. एका मोठ्या प्रोग्रॅमसोबत छोटी साधनं उघडता येतात, म्हणजे कॅल्क्युलेटर, नोंदवही, घड्याळ वगैरे. कमोडोर ६४ चं जिओस आणि अटारी एसटीचं मूळ जेम डेस्कटॉप हे या जातीचे. एसटीवर अशी जास्तीत जास्त सहा साधनं ठेवता येतात आणि तीही संगणक सुरू होतानाच मेमरीत येऊन बसतात.

याशिवाय एक गोष्ट तिन्ही प्रकारांना लागू आहे. या काळातल्या बहुतेक घरगुती संगणकांत एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवणारी सोय नाही. अमिगाचं मल्टिटास्किंग कितीही सुरेख असलं तरी एक बेशिस्त प्रोग्रॅम शेजाऱ्याच्या मेमरीत लिहून सगळी सिस्टीम पाडू शकतो. लाल चौकटीतला ‘गुरू मेडिटेशन’ हा प्रसिद्ध संदेश त्याचाच परिणाम. म्हणून काम वरचेवर सेव्ह करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी ३: आधी इम्युलेटरवर चालवून पाहा

खऱ्या यंत्रासाठी कार्ड, रॉम आणि केबल विकत घेण्याआधी तीच सिस्टीम इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर वापरा. अमिगासाठी विनयूएई किंवा एफएस-यूएई, कमोडोरसाठी व्हाइस, अटारीसाठी हतारी, एमएसएक्ससाठी ओपनएमएसएक्स, आर्किमिडीजसाठी आर्क्युलेटर, टँडीच्या कलर कॉम्प्युटरसाठी एक्सरोअर हे सगळे भरवशाचे आहेत.

एक अट मात्र कसोशीने पाळा: इम्युलेटरमध्ये यंत्राचा वेग आणि मेमरी तुमच्याकडे आहे तेवढीच ठेवा. वेग अमर्याद आणि रॅम भरपूर ठेवली की कुठलीही सिस्टीम छान वाटते, आणि मग खऱ्या ७ मेगाहर्ट्झच्या अमिगा ५०० वर तीच सिस्टीम एकेक विंडो रंगवताना पाहून मन खट्टू होतं. प्रोसेसर, रॅम, रॉम आणि साठवण या चारही बाबतींत इम्युलेटर तुमच्या यंत्राशी जुळवल्यावर जे दिसतं, त्यावरच निर्णय घ्या.

रॉम आणि सिस्टीमच्या हक्कांचाही प्रश्न इथेच येतो. अमिगाचं किकस्टार्ट (रॉममधली सिस्टीम) आणि वर्कबेंच (डिस्कवरचा डेस्कटॉप) अजूनही कॉपीराइटखाली आहेत. क्लोआंटो कंपनीच्या अमिगा फॉरएव्हर संचातून किंवा हायपेरियन कंपनीच्या नव्या आवृत्त्या घेऊन ते रीतसर मिळतात. अटारीसाठी इम्यूटॉस हे मुक्त परवान्याचं पर्यायी रॉम आहे. रिस्क ओएसचा सोर्स कोड २०१८ मध्ये खुला झाला. अटारीवरची फ्रीमिंट ही सिस्टीम आणि सिम्बॉस डाउनलोड करायला पैसे पडत नाहीत.

पायरी ४: प्रोसेसरप्रमाणे सिस्टीम निवडा

*झेड८० ची यंत्रं: ॲमस्ट्रॅड सीपीसी, पीसीडब्ल्यू, एमएसएक्स२, एंटरप्राइझ*

इथे फार शोधाशोध नको. सिम्बॉसपासून सुरुवात करा. आठ-बिटच्या प्रोसेसरवर खरं प्रीएम्प्टिव्ह मल्टिटास्किंग, एकमेकांवर येणाऱ्या विंडो, टास्कबार आणि फॅट पद्धतीच्या डिस्क वाचण्याची सोय, हे सगळं त्यात आहे. यॉर्न मिका यांनी हे काम ज्या चिकाटीने उभं केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. झेड८० एका वेळी फक्त ६४ केबी मेमरी पाहू शकतो. सिम्बॉस मेमरीच्या बँका आलटूनपालटून समोर आणून १ एमबीपर्यंत मजल मारतं.

किमान १२८ केबी रॅम हवीच. सीपीसी ६१२८ मध्ये ती आहे. सीपीसी ४६४ मध्ये ६४ केबीच असल्याने मेमरी कार्ड लागेल. पण १२८ केबीवर सिस्टीम सुरू होते एवढंच. आरामात दोन-तीन प्रोग्रॅम उघडायचे तर ५१२ केबीकडे जा. सीपीसीवर ३२० × २०० मध्ये चार रंग मिळतात, तर एमएसएक्स२ वर ५१२ × २१२ मध्ये १६ रंग. डेस्कटॉप हाच मुख्य हेतू असेल आणि यंत्र अजून घ्यायचं असेल, तर या दोघांत मी एमएसएक्स२ घेईन.

मर्यादाही लक्षात ठेवा. सिम्बॉसमध्ये त्याच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅमच चालतात. सीपीसीचा जुना खेळ विंडोत उघडेल ही अपेक्षा ठेवू नका.

*६५०२ ची यंत्रं: मुख्यतः कमोडोर ६४*

६५०२ कुटुंबाच्या प्रोसेसरचा स्टॅक (अर्धवट कामाच्या नोंदी ठेवायची मेमरीतली जागा) फक्त २५६ बाइटचा असतो आणि तो मेमरीत एकाच ठरावीक जागी बसतो. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला स्वतःचा स्टॅक लागतो. तेव्हा प्रोग्रॅम बदलताना एकतर तो स्टॅक उचलून दुसरीकडे ठेवायचा, नाहीतर त्या २५६ बाइटचेच तुकडे वाटून द्यायचे. कमोडोर ६४ वर मल्टिटास्किंग अवघड होण्याचं मूळ कारण हे आहे, नुसता १ मेगाहर्ट्झचा वेग नव्हे.

तरीही लुनिक्स या छोट्या युनिक्ससदृश सिस्टीमने प्रीएम्प्टिव्ह मल्टिटास्किंग इथे चालवून दाखवलं. ते अक्षरी पडद्यावरचं आहे, डेस्कटॉप नाही. ॲडम डंकेल्स यांच्या कॉन्टिकीने वेगळा रस्ता धरला. तिथे प्रोग्रॅम घटनांची वाट पाहतात आणि काम झालं की आपण होऊन बाजूला होतात, त्यामुळे वेगळ्या स्टॅकची गरजच कमी होते. त्यात विंडो आहेत आणि नेटवर्क कार्ट्रिज असेल तर वेब ब्राउझरसुद्धा. दोन्ही अभ्यासण्याजोगे आहेत. ज्याला सिस्टीम आतून कशी चालते हे शिकायचं आहे त्याने कॉन्टिकीचा कोड वाचावाच.

पण रोज पत्र लिहायचं, चित्र काढायचं असेल तर जिओस घ्या. १९८६ मध्ये बर्कली सॉफ्टवर्क्सने आणलेलं हे डेस्कटॉप मल्टिटास्किंग नसलं तरी जिओराइट आणि जिओपेंट ही त्यावरची साधनं आजही समाधान देतात. त्याला मेमरीचं आरईयू कार्ट्रिज जोडलं की त्यातली रॅम डिस्कसारखी वापरता येते आणि एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाणं इतकं झटपट होतं की मल्टिटास्किंगची उणीव बरीचशी भरून निघते. आरईयूशिवाय, नुसत्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हवर जिओस वापरण्याचा आग्रह मी कुणालाच करणार नाही. जॉयस्टिकने बाण हलवण्याऐवजी १३५१ माउस किंवा त्याला समकक्ष काही मिळवा.

*६८०९: टँडी कलर कॉम्प्युटर ३*

या यंत्राकडे फार थोडे लोक वळतात, याची मला खंत वाटते. ६८०९ ला दोन स्टॅक आहेत आणि मेमरीत कुठेही ठेवला तरी चालेल असा कोड त्यावर सहज लिहिता येतो. मायक्रोवेअरची ओएस-९ ही सिस्टीम या प्रोसेसरसाठीच घडली. १९८६ च्या कलर कॉम्प्युटर ३ मध्ये मेमरीचे ८ केबीचे तुकडे हवे तसे जुळवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे ओएस-९ लेव्हल टू मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी ६४ केबीची जागा मिळते. घरगुती आठ-बिट संगणकात ही केवढी मोठी गोष्ट होती!

आज नवख्याने मूळ ओएस-९ ऐवजी तिची सुधारलेली नायट्रॉस-९ ही आवृत्ती घ्यावी. मेमरी ५१२ केबी करून घ्या. मल्टी-व्ह्यू हे तिचं ग्राफिक डेस्कटॉप ठीकच आहे. मला विचाराल तर अनेक अक्षरी विंडो उघडून त्यांत काम करण्यात या सिस्टीमची खरी मजा आहे. मेमरी किती उरली हे एमफ्री ही आज्ञा सांगते.

*सिंक्लेअर क्यूएल*

मूळ १२८ केबीतली ३२ केबी पडद्यासाठीच जाते. क्यूडॉसचं मल्टिटास्किंग पक्कं आहे. कंट्रोल आणि सी दाबून एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाता येतं. पण झाकली गेलेली विंडो परत वर आली की तिच्यातला मजकूर पुन्हा रंगवायची सोय मूळ सिस्टीममध्ये नाही. ती पॉइंटर एन्व्हायर्न्मेंट या वरून जोडायच्या सॉफ्टवेअरने आली. त्यामुळे क्यूएलवर डेस्कटॉप हवा असेल तर पॉइंटर एन्व्हायर्न्मेंट आणि मेमरी वाढवणारं कार्ड ही जोडी धरूनच बेत करा. मिराकलचं गोल्ड कार्ड सापडलं तर २ एमबी रॅम आणि १६ मेगाहर्ट्झचा ६८००० एकदमच मिळतो.

*अमिगा*

मल्टिटास्किंग शिकायला यापेक्षा चांगलं यंत्र मला माहीत नाही. कार्ल सॅसेनराथ यांनी लिहिलेला एक्झेक हा गाभा १९८५ पासून प्रीएम्प्टिव्ह आहे, आणि तो ५१२ केबीच्या यंत्रातही तसाच चालतो.

इथे निवड सिस्टीमची नाही, आवृत्तीची आहे. रॉममधलं किकस्टार्ट आणि डिस्कवरचं वर्कबेंच यांची आवृत्ती जुळली पाहिजे, किकस्टार्ट १.३ वर वर्कबेंच ३.१ चालणार नाही. अमिगा ५०० वर बहुतेक वेळा खेळच खेळायचे असतील तर १.३ राहू द्या, कारण कितीतरी जुने खेळ तीच धरून लिहिले आहेत. डेस्कटॉप वापरायचा असेल तर किमान २.०४, शक्यतो ३.१ चं रॉम बसवा. रॉम घेताना यंत्राचं मॉडेल सांगून घ्या, कारण अमिगा ५०० चं आणि १२०० चं रॉम वेगळं असतं. हायपेरियनने २०१८ मध्ये ३.१.४ आणि २०२१ मध्ये ३.२ आणलं. हार्ड डिस्क आणि थोडी जास्त रॅम असलेल्या यंत्राला आज मी ३.२ च सुचवेन, कारण मोठ्या डिस्कची नीट हाताळणी त्यात मुळातच आहे.

आता मेमरीबद्दल जरा सविस्तर. अमिगात चिप रॅम आणि फास्ट रॅम अशा दोन जाती असतात. पडद्याचं चित्र, आवाज, फ्लॉपीतला डेटा हे सगळं चिप रॅममध्ये राहतं, आणि ती रॅम प्रोसेसरला चित्र काढणाऱ्या चिपसोबत वाटून घ्यावी लागते. फास्ट रॅम फक्त प्रोसेसरची. अमिगा ५०० वर ६४० आडव्या बिंदूंचा पडदा १६ रंगांत उघडला की चित्रातली ओळ रंगत असताना चिप रॅमकडे जाणारा रस्ता पूर्ण व्यापला जातो आणि प्रोसेसर ताटकळत उभा राहतो. तोच पडदा चार रंगांत ठेवला की यंत्र हलकं वाटू लागतं. ए५०१ सारख्या खालच्या झाकणातल्या कार्डाची ५१२ केबी रॅमही याच गर्दीच्या रस्त्यावर आहे, तिने वेग वाढत नाही. म्हणून पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते खऱ्या फास्ट रॅमवर करा. अमिगा १२०० मध्ये २ एमबी असते ती सगळी चिप रॅम. त्यात ४ किंवा ८ एमबी फास्ट रॅम घातल्यावर तोच प्रोसेसर किती चपळ होतो ते पाहून आश्चर्य वाटतं.

*अटारी एसटी*

टॉस ही एसटीची मूळ सिस्टीम एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवते. त्यावर तीन मार्ग आहेत. जिनिव्हा थोड्या मेमरीत भागवतं आणि को-ऑपरेटिव्ह आहे. मॅजिक हे ६८००० वरही चपळ चालतं. आणि मिंट, ज्याला पुढे अटारीने मल्टिटॉसचा पाया म्हणून स्वीकारलं, ते आज फ्रीमिंट या नावाने चालू आहे आणि त्यात युनिक्सची बरीच साधनं येतात.

साध्या ८ मेगाहर्ट्झच्या एसटीवर मॅजिक. फाल्कन किंवा टीटी ही अटारीची पुढची मॉडेल असतील तर फ्रीमिंट आणि त्यावर विंडो सांभाळणारं एक्सएएईएस. टीटी आणि फाल्कनमध्ये ६८०३० प्रोसेसर असल्याने फ्रीमिंट तिथे प्रोग्रॅमची मेमरी एकमेकांपासून राखूही शकतं. दोन्हीसाठी ४ एमबी रॅम धरून चला. एसटीई मॉडेलमध्ये मेमरी सुट्या पट्ट्यांवर असते, त्यामुळे ती वाढवणं सोपं. जुन्या एसटीएफएममध्ये ती मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असते.

*एकॉर्न आर्किमिडीज*

रिस्क ओएस ३.१ चं रॉम आणि २ ते ४ एमबी रॅम एवढं जमवा, बास. डेस्कटॉप रॉममध्येच आहे, चालू करताच समोर येतो. माउसला तीन बटणं लागतात आणि मधलं बटण मेनूसाठी असतं, हे अंगवळणी पडायला थोडा वेळ जातो. फाईल सेव्ह करायची म्हणजे तिचं चित्र उचलून फोल्डरच्या विंडोत टाकायचं, किंवा थेट दुसऱ्या प्रोग्रॅमवर टाकायचं. टास्क मॅनेजरच्या विंडोत प्रत्येक प्रोग्रॅमने किती मेमरी घेतली त्याच्या पट्ट्या दिसतात. इतका स्पष्ट हिशेब समोर असणं फार सोयीचं आहे.

पायरी ५: पडद्याचा हिशेब करा

रंग वाढले की मेमरी जाते आणि वेगही जातो. हिशेब सोपा आहे: आडवे बिंदू गुणिले उभे बिंदू, भागिले आठ, म्हणजे एका थराचे बाइट. दोन रंगांना एक थर, चार रंगांना दोन, आठला तीन, सोळाला चार. ६४० × २५६ चा पडदा चार रंगांत ४० केबी घेतो, सोळा रंगांत ८० केबी. ६४० × ५१२ सोळा रंगांत १६० केबी. ५१२ केबी चिप रॅमच्या यंत्रावर हा आकडा किती मोठा आहे ते लगेच कळतं. आणि सोळा रंगांत मिळतं काय? बहुतेक वेळा थोडे गुळगुळीत आयकॉन. अमिगावर मॅजिकडब्ल्यूबी या प्रसिद्ध आयकॉन संचाने आठच रंगांत सगळा डेस्कटॉप किती देखणा करता येतो ते दाखवून दिलं.

अटारी एसटीवर मजकुराचं काम करायचं असेल तर काळापांढरा ६४० × ४०० पडदा निवडा. तो स्थिर असतो, डोळ्यांना त्रास देत नाही, ३२,००० बाइटमध्ये बसतो आणि साध्या जोडणीने बऱ्याच व्हीजीए मॉनिटरवर दिसतो. अमिगाचा ५१२ ओळींचा पडदा मात्र जुन्या टीव्हीवर लुकलुकतो. एखादं उपकरण लावून तो स्थिर करता आला तरच वापरा.

पार्श्वभूमीचं चित्र, सरकत्या विंडोतला मजकूर हलताना दिसणं, सावल्या, या सगळ्या गोष्टी सुरुवातीला बंद ठेवा. यंत्राची खरी चाल कळली की एकेक चालू करून पाहा.

पायरी ६: साठवण ठरवा

डिस्क वाचताना यंत्र दुसरं काही करू शकतं का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अनुभव मात्र त्यावरच ठरतो. अमिगाची फ्लॉपी प्रोसेसरला न अडवता डेटा मेमरीत आणते, म्हणून वाचन चालू असतानाही माउस हलतो. कमोडोर ६४ मध्ये ड्राइव्हशी बोलताना प्रोसेसर स्वतः एकेक बिट हलवत असतो. सीपीसीत फ्लॉपीतला प्रत्येक बाइट प्रोसेसरला उचलावा लागतो. कलर कॉम्प्युटरचा फ्लॉपी कंट्रोलर तर प्रोसेसरला थांबवूनच ठेवतो, त्यामुळे त्या क्षणी टाइप केलेली अक्षरं गळतात. या तीन यंत्रांवर सिस्टीम कितीही चांगली असली तरी फ्लॉपी फिरू लागली की मल्टिटास्किंग थांबतं. उपाय एकच: फ्लॉपीऐवजी कार्डावर आधारित साठवण. सीपीसीसाठी एम४ बोर्ड आहे, कलर कॉम्प्युटरसाठी कोकोएसडीसी.

अमिगा १२०० ला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आतल्या आयडीई जोडणीवर सहज बसतं. किकस्टार्ट ३.१ असेल तर सगळी पार्टिशन डिस्कच्या पहिल्या ४ जीबीतच ठेवा. त्यापलीकडे लिहायला गेलात तर लेखन पुन्हा सुरुवातीला येऊन आदळतं आणि चांगला डेटा पुसला जातो. एचडीटूलबॉक्स या डिस्क तयार करण्याच्या साधनात मॅक्सट्रान्सफरचा (एका वेळी किती डेटा हलवायचा त्याचा) आकडाही कमी करावा लागतो, नाहीतर काही कार्डांवर मोठ्या फाईल कॉपी करताना बिघडतात. सिस्टीमसाठी एक छोटं पार्टिशन, कामासाठी दुसरं मोठं अशी विभागणी करा. लिहिताना यंत्र अचानक बंद पडलं तर मूळ फाईल सिस्टीम पुढच्या वेळी सगळं पार्टिशन तपासत बसते आणि तोवर त्यावर लिहू देत नाही. पीएफएस३ ही पर्यायी फाईल सिस्टीम वापरली तर हा त्रास वाचतो.

पायरी ७: बसवा, मोजा, मगच सजवा

आधी सिस्टीम जशी येते तशी, काहीही न जोडता बसवा. ती सुरू झाली की उरलेली मेमरी पाहून लिहून ठेवा: अमिगावर शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या विंडोत) अव्हेल ही आज्ञा, रिस्क ओएसवर टास्क मॅनेजर. हा तुमचा मूळ आकडा.

मग तुमचे दोन प्रोग्रॅम उघडा. एकात टाइप करत असताना दुसऱ्याला काम द्या, उदाहरणार्थ मोठी फाईल कॉपी करायला किंवा संकुचित फाईल उघडायला लावा. अक्षरं बोटांच्या मागे पडतात का? विंडो हलवली की दुसरीतलं चित्र तुटतं का? एक प्रोग्रॅम बंद केल्यावर मेमरी पूर्ण परत मिळते का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण काही जुने प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत देत नाहीत आणि दिवसभराने यंत्र कारण न कळता अडखळू लागतं. असा प्रोग्रॅम सापडला तर सिस्टीम बदलू नका, तो प्रोग्रॅम बदला.

अटारीवर आणखी एक तपासणी करा. जे प्रोग्रॅम जेमला न विचारता थेट पडद्यावर लिहितात ते मॅजिक किंवा फ्रीमिंटखाली बाकीच्या विंडो खराब करतात. अशांची वेगळी यादी ठेवा आणि त्यांच्यासाठी साधं टॉस सुरू करण्याची सोय राखा.

हे सगळं समाधानकारक झालं की या स्थितीतल्या कार्डाची पूर्ण प्रत आधुनिक संगणकावर काढून ठेवा. त्यानंतर आयकॉन, फॉन्ट, डिरेक्टरी ओपससारखी फाईल हाताळणारी साधनं एका वेळी एक या क्रमाने जोडा आणि दर वेळी मेमरीचा आकडा मूळ आकड्याशी ताडून पाहा. एखाद्या जोडणीने सिस्टीम सुरूच होईना, तरी घाबरायचं कारण नाही. किकस्टार्ट २.० किंवा पुढचं असलेल्या अमिगावर माउसची दोन्ही बटणं दाबून यंत्र चालू केलं की सुरुवातीचा मेनू येतो आणि तिथून स्टार्टअप-सीक्वेन्स (सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांची फाईल) टाळता येतो. इम्यूटॉसमध्ये कंट्रोल दाबून ठेवलं की ऑटो फोल्डरमधले आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आणि छोटी साधनं वगळली जातात. आर्किमिडीजवर डिलीट दाबून यंत्र चालू केलं की सगळी सेटिंग मूळ पदावर येतात. बॅटरी काढून टाकलेल्या यंत्रावर तर ती वरचेवर पुन्हा करावीच लागतात, म्हणून आपल्या पसंतीची सेटिंग एका कागदावर लिहून यंत्राजवळ ठेवा.